शिंगं न मोडता वासरांत

मराठीत एक छान वाक्प्रचार आहे: शिंगं मोडून वासरांत शिरणं. पोक्त माणूस तरुणांच्या घोळक्यात घुसून त्यांच्यासारखं वागायला लागला की घरातली वडीलधारी मंडळी हा शेरा हमखास मारतात. खेळाच्या दुनियेत तर हे वरचेवर घडतं. निवृत्त झालेला खेळाडू दोन-चार वर्षं घरी बसतो, पैसे संपतात किंवा टाळ्यांची आठवण स्वस्थ बसू देत नाही, आणि मग एक दिवस पत्रकार परिषद घेऊन तो जाहीर करतो की मी परत येतोय! क्रिकेटमध्ये अशा पुनरागमनाची किंमत फार तर थोडी बेअब्रू असते. बॉक्सिंगमध्ये, त्यातही हेवीवेट गटात, ती किंमत डोक्याने आणि मेंदूने मोजावी लागते.

म्हणूनच जॉर्ज फोरमनची गोष्ट मला इतिहास म्हणून महत्त्वाची वाटते. २१ मार्च २०२५ रोजी ७६ व्या वर्षी ह्यूस्टनमध्ये तो गेला. आपल्यापैकी पुष्कळांना तो ठाऊक आहे तो स्वयंपाकघरामुळे. 'जॉर्ज फोरमन ग्रिल' नावाचं ते उतरतं यंत्र, ज्यावर मूळ हेतू चरबी गाळण्याचा असला तरी आपण पनीर, बटाट्याचं सँडविच आणि वेळप्रसंगी उरलेली पोळीसुद्धा शेकतो! ग्रिलवरचा तो हसरा टकलू गृहस्थ कोण, हे मात्र आपल्या मुलांना माहीत नसतं. तर मंडळी, तो वयाच्या ४५ व्या वर्षी जगज्जेता झालेला माणूस. कसा झाला, ते जरा नीट बघू.

आधी, जे जमलं नाही त्यांच्याविषयी

फोरमनचं मोठेपण समजायचं तर त्याच्याआधी हा प्रयोग कुणी कुणी करून पाहिला ते आधी बघायला हवं.

जिम जेफ्रीज हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा अजिंक्य हेवीवेट विजेता. निवृत्त होऊन शेतीवाडी बघत होता, वजन भरमसाट वाढलेलं. १९०८ मध्ये जॅक जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता झाला आणि गोऱ्या अमेरिकेला ते सहन होईना. मग जेफ्रीजला घोड्यावर बसवण्यात आलं. खूप वजन उतरवून तो ४ जुलै १९१० रोजी रीनोमध्ये रिंगणात उतरला आणि पंधराव्या फेरीत संपला. त्यानंतर देशभर वांशिक दंगली उसळल्या, त्यात माणसं मेली. एका म्हाताऱ्या मल्लाच्या पुनरागमनावर लोकांनी काय काय लादलं होतं बघा!

जो लुईची कथा जास्त चटका लावणारी. जवळपास १२ वर्षं त्याच्याकडे किताब होता. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात होता, लढतींची कमाई त्याने सैन्याच्या मदतनिधीला दिली. पण सरकारच्या आयकर खात्याने मागची बाकी काढली आणि ती व्याजासकट फुगतच गेली. १९४९ मध्ये निवृत्त झालेला लुई निव्वळ कर भरण्यासाठी १९५० मध्ये परतला. एझर्ड चार्ल्सकडून हरला. २६ ऑक्टोबर १९५१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तरण्याबांड रॉकी मार्सियानोने त्याला आठव्या फेरीत दोरांबाहेर फेकलं. तेव्हा लुई ३७ वर्षांचा होता.

आणि मोहम्मद अली! २ ऑक्टोबर १९८० रोजी लास व्हेगासमध्ये तो लॅरी होम्सविरुद्ध उतरला तेव्हा ३८ वर्षांचा होता. वजन झपाट्याने उतरवलेलं, त्यासाठी थायरॉइडच्या गोळ्या घेतलेल्या, डोक्यावरचे पांढरे केस काळे केलेले. लांबून बघणाऱ्याला वाटावं, १९७४ चा अली परत आला. पण आतली ताकद कधीच गेली होती. दहा फेऱ्या तो नुसता मार खात राहिला. शेवटी त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडी याने लढत थांबवली. चार वर्षांनी, १९८४ मध्ये, अलीला पार्किन्सन्सचं निदान झालं.

अँजेलो डंडी हे नाव लक्षात ठेवा. तो पुढे परत येणार आहे.

या तिघांनी शिंगं मोडली होती. आपण अजून तरुण आहोत असं त्यांनी जगाला भासवलं किंवा जगाने त्यांच्याकडून भासवून घेतलं. त्यामुळे १९८७ मध्ये फोरमनने परतायचं ठरवलं तेव्हा लोक हसले यात नवल नाही. इतिहास हसणाऱ्यांच्या बाजूने होता.

पहिला फोरमन

फोरमनचा जन्म १० जानेवारी १९४९ चा, टेक्सासमधल्या मार्शल गावचा. वाढला ह्यूस्टनच्या फिफ्थ वॉर्ड भागात. गरिबी, अर्धवट शाळा, मारामाऱ्या, लूटमार... लिंडन जॉन्सन यांच्या सरकारने गरीब तरुणांना कामधंदा शिकवण्यासाठी 'जॉब कोअर' ही योजना काढली होती, तिने त्याला वाचवलं. कॅलिफोर्नियातल्या केंद्रात डॉक ब्रॉडस नावाच्या प्रशिक्षकाने त्याच्या हातात ग्लोव्हज दिले. तिथून थेट १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकचं सुवर्णपदक!

२२ जानेवारी १९७३ रोजी जमैकातल्या किंग्स्टनमध्ये त्याने अजिंक्य जो फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडलं आणि तो जगज्जेता झाला. पुढे केन नॉर्टनलाही दोन फेऱ्यांतच गुंडाळलं. यूट्यूबवर या लढती आजही बघायला मिळतात. जरूर बघा, म्हणजे त्या काळी लोक त्याला का घाबरत ते कळेल. हा फोरमन हसत नसे, कुणाशी धड बोलत नसे.

मग आली ३० ऑक्टोबर १९७४ ची पहाट. झाईर, म्हणजे आजचं काँगो, किन्शासा शहर. हुकूमशहा मोबुटूने देशाच्या जाहिरातीसाठी दोघांना प्रत्येकी ५० लाख डॉलर द्यायचं कबूल केलं होतं. अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या सोयीसाठी लढत पहाटे चारच्या सुमाराला सुरू झाली. फोरमन २५ वर्षांचा, ४० लढतींत ४० विजय, त्यातले ३७ नॉकआउट. अली ३२ वर्षांचा, आणि अनेक जाणकारांच्या मते संपलेला. अलीने काय केलं, तर दोरांना टेकून उभा राहिला आणि फोरमनला मारू दिलं. उकाड्यात फोरमन ठोसे घालत राहिला, दमत राहिला, आणि आठव्या फेरीत अलीने त्याला आडवं केलं. अलीच्या कोपऱ्यात तेव्हा अँजेलो डंडी होता.

त्या पहाटेचा धडा शक्तीबद्दलचा नव्हता. फोरमनकडे शक्ती अलीपेक्षा जास्त होती. ती कशी खर्चायची, याचा हिशेब त्याच्याकडे नव्हता. आमच्या आयटीच्या भाषेत सांगायचं तर प्रोसेसर जबरदस्त, पण कूलिंगची व्यवस्थाच नाही!

१७ मार्च १९७७ रोजी सान हुआनमध्ये तो जिमी यंगकडून गुणांवर हरला. त्या रात्री ड्रेसिंग रूममध्ये उष्म्याने आणि थकव्याने कोसळलेल्या फोरमनला मृत्यू समोर दिसला आणि देवाचा साक्षात्कार झाला, असं तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. तुम्ही आम्ही त्याचा अर्थ काहीही लावू, पण परिणाम स्पष्ट होता. २८ व्या वर्षी त्याने बॉक्सिंग सोडलं, तो धर्मोपदेशक झाला, ह्यूस्टनमध्ये एक छोटं चर्च उभं केलं आणि १९८४ मध्ये मुलांसाठी युवा केंद्र काढलं. दहा वर्षं त्याने रिंगणात पाऊल ठेवलं नाही.

३८ वर्षांचा नवशिका

युवा केंद्र चालवायला पैसे लागतात, आणि ते संपत आले होते. सारखं लोकांपुढे हात पसरण्यापेक्षा आपल्याला जे येतं त्यातून कमवावं, असा त्याने विचार केला. ९ मार्च १९८७ रोजी सॅक्रामेंटोमध्ये स्टीव्ह झाऊस्की नावाच्या फारशा नावाजलेल्या नसलेल्या बॉक्सरविरुद्ध तो उतरला. वजन २६७ पौंड, म्हणजे १२१ किलो! किन्शासातल्या वजनापेक्षा तब्बल २० किलो जास्त. डोकं तुळतुळीत, पोट सुटलेलं. चौथ्या फेरीत तो जिंकला, पण बातमी झाली ती पोटाची.

इथे त्याने जे केलं ते लुई किंवा अलीने केलं नव्हतं. त्याने किताबाची घाई केली नाही. पुढची चार वर्षं तो छोट्या छोट्या गावांतून, दुय्यम-तिय्यम प्रतिस्पर्ध्यांशी लढत राहिला. टीकाकार म्हणाले की हा निवडून निवडून मढी मारतोय. टीका अगदीच खोटी नव्हती. पण तालमीतला कुठलाही वस्ताद सांगेल की दुखापतीतून उठलेल्या पैलवानाला पहिल्याच दिवशी महाराष्ट्र केसरीशी जोड देत नाहीत. आधी जोर-बैठका, मग हलक्या जोडी, मग मैदान. १९८८ मध्ये ड्वाइट कावी, १९८९ मध्ये बर्ट कूपर, जानेवारी १९९० मध्ये गेरी कूनी... एकेक पायरी वर. एप्रिल १९९१ पर्यंत सलग २४ विजय.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे तो हसायला लागला! स्वतःच्या वयावर, पोटावर, चीजबर्गरच्या प्रेमावर तो पत्रकारांच्या आधी स्वतःच विनोद करायचा. केस काळे करायचा प्रश्नच नव्हता, केसच नव्हते. पाच मुलगे, पाचही जणांचं नाव जॉर्ज! एके काळी ज्याच्याकडे बघायला लोक घाबरत, त्याच्या पाया पडायला आता आज्या आपल्या नातवंडांना आणतील असं वाटावं.

किताबाची शक्यता किती होती?

आता जरा तटस्थपणे हिशेब मांडू. चाळिशीतल्या हेवीवेटला खरोखर किती संधी असते?

वयाबरोबर आधी जातो तो वेग. ठोसा येताना दिसतो, पण मान हलवेपर्यंत तो लागलेला असतो. मग जातात पाय. त्यामुळे ज्याचा खेळ वेगावर आणि पायांवर उभा, तो लवकर संपतो. अलीचं नेमकं हेच झालं. ठोशातली ताकद मात्र सगळ्यांत शेवटी जाते. फोरमनचा खेळ पहिल्यापासून ताकदीचा. म्हणजे म्हातारपणाने त्याच्याकडून जे नेलं, ते त्याचं मुख्य भांडवल नव्हतंच.

शिवाय २८ ते ३८ ही दहा वर्षं त्याने डोक्यावर मार खाल्ला नव्हता. याच वयात बाकीचे बॉक्सर झिजतात.

तिसरं म्हणजे त्याने पद्धत बदलली. तरुणपणी तो झाडू फिरवावा तसे लांबलचक ठोसे फिरवायचा. आता तो दोन्ही हात चेहऱ्यासमोर आडवे धरून हळूहळू पुढे सरकायचा, डाव्या हाताचे सरळ, जड ठोसे देत राहायचा आणि उजवा हात राखून ठेवायचा. हा आडव्या हातांचा बचाव आर्ची मूरचा. मूर स्वतः चाळिशी ओलांडल्यावरही लाइट हेवीवेट जगज्जेता होता आणि किन्शासात फोरमनच्याच कोपऱ्यात होता. २५ व्या वर्षी जे कानावरून गेलं, ते ४० व्या वर्षी डोक्यात शिरलं!

पण जमेची बाजू इतकीच. १९ एप्रिल १९९१ रोजी अटलांटिक सिटीत ४२ वर्षांचा फोरमन २८ वर्षांच्या इव्हँडर होलीफील्डसमोर उभा राहिला. सुमारे सव्वा कोटी डॉलर त्याला मिळाले. दोन फेऱ्यांच्या मध्ये तो स्टुलावर बसतसुद्धा नव्हता, उभाच राहायचा. बाराही फेऱ्या टिकला, लोकांनी डोक्यावर घेतलं, पण तिन्ही पंचांनी कौल होलीफील्डला दिला. एप्रिल १९९२ मध्ये अॅलेक्स स्टुअर्टविरुद्ध तो जिंकला खरा, पण सुजलेला चेहरा बघवत नव्हता. जून १९९३ मध्ये टॉमी मॉरिसनने त्याला गुणांवर हरवलं. मॉरिसन ठोसेबाज म्हणून प्रसिद्ध, पण त्या रात्री तो जवळ आलाच नाही. फिरत राहिला, मारत राहिला, निसटत राहिला. म्हाताऱ्या फोरमनला कसं हरवायचं याची कृती आता सगळ्यांना पाठ झाली होती. किताबाच्या दोन संधी संपल्या. वय ४४. टीव्हीवर त्याची विनोदी मालिकाही सुरू झाली होती. गोष्ट इथेच संपायला हरकत नव्हती.

५ नोव्हेंबर १९९४

एप्रिल १९९४ मध्ये मायकेल मूररने होलीफील्डला हरवून दोन संघटनांचे किताब मिळवले. मूरर २६ वर्षांचा, डावखुरा, ३५ पैकी ३५ लढती जिंकलेला. पण त्याच्या नावावर तिकिटं खपत नव्हती. फोरमनच्या नावावर खपत होती. शिवाय दीड वर्ष न लढलेला, शेवटची लढत हरलेला ४५ वर्षांचा माणूस म्हणजे पैसा जास्त आणि धोका कमी! फोरमनची तिसरी संधी त्याच्या कर्तृत्वापेक्षा बाजारातल्या त्याच्या किमतीमुळे आली, हे मान्य करायला हवं.

दोनपैकी एका संघटनेने, डब्ल्यूबीएने, लढतीला मान्यता नाकारली. फोरमन नेवाडाच्या कोर्टात गेला आणि न्यायाधीशांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. वयाच्या आकड्यावर त्याने रिंगणाबाहेर मिळवलेला हा विजय सहसा कुणी सांगत नाही.

लास व्हेगास, एमजीएम ग्रँड. फोरमनने तीच लाल चड्डी घातली होती जी २० वर्षांपूर्वी किन्शासात घातली होती. आणि त्याच्या कोपऱ्यात होता अँजेलो डंडी! ज्याने १९७४ मध्ये त्याचा पराभव समोरच्या कोपऱ्यातून पाहिला आणि १९८० मध्ये अलीचे हाल बघून लढत थांबवली, तो माणूस आता फोरमनच्या बाजूला.

नऊ फेऱ्या मूररने त्याला धुतला. मूररचे ठोसे नेमके बसत होते, फोरमनचा डावा डोळा सुजत होता. नऊ फेऱ्यांनंतर दोन पंचांच्या कागदावर ८८-८३, तिसऱ्याच्या ८६-८५, तिन्ही मूररच्या बाजूने. मूररचा प्रशिक्षक टेडी अॅटलस ओरडून ओरडून सांगत होता की त्याच्यासमोर उभा राहू नकोस. पण नऊ फेऱ्या काही झालं नाही की माणसाला वाटतं, आता काही होणार नाही. मूरर समोर उभा राहिला.

किन्शासात फोरमनने आठव्या फेरीपर्यंत सगळा दारूगोळा संपवला होता. इथे तो दहाव्या फेरीपर्यंत राखून होता. एक डावा, एक उजवा. मग पुन्हा डावा, आणि त्यामागून अगदी आखूड, सरळ उजवा, हनुवटीवर. बघताना तो ठोसा फार मोठा वाटतही नाही. मूरर पाठीवर पडला. पंच जो कॉर्टेझने दहा मोजले. वेळ दोन मिनिटं तीन सेकंद.

फोरमन नाचला नाही. कोपऱ्यात जाऊन गुडघ्यांवर बसला आणि त्याने प्रार्थना केली. ४५ वर्षं आणि जवळपास दहा महिने. याआधीचा सर्वांत वयस्क हेवीवेट विजेता होता जर्सी जो वॉलकॉट, १९५१ मध्ये ३७ वर्षांचा. फोरमनने तो विक्रम आठ वर्षांनी मागे टाकला आणि हेवीवेट गटात तो अजूनही त्याच्याच नावावर आहे.

नंतरचं

पुढचा भाग इतका चकचकीत नाही, पण सांगायला हवा. डब्ल्यूबीएने ठरवलेल्या प्रतिस्पर्ध्याशी तो लढला नाही म्हणून १९९५ मध्ये एक किताब गेला. एप्रिल १९९५ मध्ये जर्मनीच्या अॅक्सेल शुल्झविरुद्ध पंचांनी त्याला जिंकवलं, पण बघणाऱ्या बहुतेकांना ते पटलं नाही. फेरलढत करण्याऐवजी त्याने दुसरा किताबही सोडला. नोव्हेंबर १९९७ मध्ये शॅनन ब्रिग्जकडून तो गुणांवर हरला. गंमत म्हणजे या वेळी लोकांना वाटलं की तोच जिंकला होता! ४८ व्या वर्षी तो थांबला. ८१ लढती, ७६ विजय, ६८ नॉकआउट, ५ पराभव. ग्रिल बनवणाऱ्या कंपनीने १९९९ मध्ये त्याचं नाव वापरायचे हक्क पावणेचौदा कोटी डॉलरला घेतले. युवा केंद्राला पैसे कमी पडण्याचा प्रश्न बहुधा तिथेच मिटला असावा.

आता हे सगळं मी दिवाळी अंकात का लिहितोय? मी ३८ वर्षांचा आहे, म्हणजे झाऊस्कीसमोर उभा राहिलेल्या फोरमनएवढा. माझ्या क्षेत्रात या वयाला लोक सीनियर म्हणायला लागतात आणि त्याच दमात तुमच्या जागी दोन नवी मुलं घेता येतील का याचाही हिशेब करतात. आपल्या मंडळात असे किती तरी जण आहेत, ज्यांना व्हिसामुळे, नोकरी गेल्यामुळे, मुलं लहान असल्यामुळे मध्येच थांबावं लागलं. आठ-दहा वर्षं घर सांभाळून पुन्हा कामावर रुजू होणाऱ्या आपल्या वहिनी आणि ताया तर फोरमनपेक्षा अवघड लढत लढतात, आणि त्यांच्यासाठी बेल वाजत नाही.

त्यांना 'जिद्द ठेवा, सगळं जमतं' असं मी सांगणार नाही. जिद्द लुईकडेही होती आणि अलीकडे तर सगळ्यांपेक्षा जास्त होती. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी टेक्सासमध्येच ५८ वर्षांचा माइक टायसन ३१ वर्षांनी लहान असलेल्या मुलाविरुद्ध उतरला आणि हरला, तेव्हा कमी पडली ती जिद्द नव्हे. फोरमनने मला दिलेला धडा जास्त व्यवहारी आहे. काय गेलं आणि काय उरलं याची त्याने प्रामाणिक यादी केली. उरलेल्यावर खेळ बांधला. खालच्या पायरीवरून सुरुवात करताना लाज बाळगली नाही. आणि लोकांनी हसायच्या आधी स्वतः हसून घेतलं. एवढं करूनही दोनदा हरला. तिसऱ्यांदा दैवाने दार किलकिलं केलं, तेव्हा उजवा हात तयार होता.

शिंगं मोडून वासरांत शिरणाऱ्याला वासरंही घेत नाहीत आणि गुरंही. फोरमन आपली शिंगं घेऊनच गेला, आणि दहाव्या फेरीत तीच उपयोगी पडली.